ऑर्वेल नेमका कोणाचा?

जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाला आपला म्हणणाऱ्यांची रांग मोठी आहे. डावे म्हणतात तो आमचा, कारण मरेपर्यंत तो स्वतःला समाजवादी म्हणवून घेत होता. उजवे म्हणतात तो आमचा, कारण स्टालिनच्या रशियाची अब्रू त्याच्यासारखी कोणी वेशीवर टांगली नाही. सरकारवर चिडलेला कुठल्याही पक्षाचा माणूस त्याच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या हुकूमशाहीवरच्या कादंबरीचं नाव घेतो, आणि सरकार बदललं की तेच पुस्तक समोरच्याच्या हातात दिसतं. हा सगळा दावा चालतो तो बहुतेक हे आणि ‘ॲनिमल फार्म’ अशा दोनच पुस्तकांच्या जोरावर. ती दोन्ही त्यानं आयुष्याच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत लिहिली. त्याआधीचा माणूस बाजूलाच राहतो.

मला विचाराल तर ऑर्वेल समजून घ्यायची सोपी वाट त्याच्या नोकऱ्यांमधून जाते. तो साम्राज्याचा पोलीस होता, परक्या देशातल्या यादवीत शिपाई होता आणि सरकारच्या बाजूनं रेडिओवर प्रचार करणारा पगारदार होता. सत्ता माणसाला काय करते हे त्यानं आधी स्वतःवर पाहिलं आणि मग लिहिलं. त्याच्या लिखाणातला खरेपणा तिथून येतो, आणि त्याच्या काही चुकाही तिथूनच येतात.

अफूच्या खात्यातला बाप

त्याचं खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, गाव मोतीहारी, म्हणजे आजच्या बिहारमधल्या पूर्व चंपारणचं. वडील रिचर्ड ब्लेअर सरकारच्या अफू खात्यात अधिकारी होते. ब्रिटिश सरकार बिहारच्या शेतकऱ्यांकडून खसखशीची लागवड करून घेई, अफूवर सरकारची मक्तेदारी असे आणि माल मुख्यतः चीनला जाई. घरातला पगार असल्या धंद्यातून यायचा. आई आयडा ही फ्रेंच बापाची लेक, तिचं बालपण ब्रह्मदेशातल्या मोलमीनमध्ये गेलेलं.

एरिक वर्षाचा असतानाच आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली, त्यामुळे तो भारतात वाढला असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. पण कुटुंब साम्राज्याच्या मिठावर वाढलेलं होतं यात शंका नाही. आपल्या वर्गाचं वर्णन तो पुढे गमतीनं ‘वरच्या मध्यमवर्गातला खालचा थर’ असं करायचा. ऐट साहेबाची आणि खिसा कारकुनाचा, अशी ती अवस्था. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो ईटनसारख्या उमरावांच्या शाळेत शिकू शकला. तिथे काही काळ फ्रेंच शिकवायला पुढे ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही भविष्यातल्या हुकूमशाहीवरची कादंबरी लिहिणारा ऑल्डस हक्सली होता, हा एक मजेशीर योगायोग. ईटनची मुलं पुढे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला जात. हा गेला नाही. परीक्षा देऊन १९२२ साली, एकोणीस वर्षांचा असताना, इंडियन इम्पीरियल पोलीसमध्ये भरती झाला आणि ब्रह्मदेशात रुजू झाला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. तो वेगळा झाला १९३७ साली.

पाच वर्षं त्यानं ही नोकरी केली. मंडाले, इन्सेन, मोलमीन, काथा अशा ठिकाणी बदल्या झाल्या. या काळातून त्याचे दोन छोटे निबंध आले, आणि माझ्या मते त्याच्या कादंबऱ्यांपेक्षाही ते वजनदार आहेत.

पहिला १९३१ सालचा, ‘अ हँगिंग’. पावसाळ्यातली सकाळ. एका हिंदू कैद्याला फाशीच्या तख्ताकडे नेत आहेत. दोन्ही बाजूंनी वॉर्डरांनी त्याला घट्ट धरलं आहे. चालता चालता वाटेत पाण्याचं डबकं येतं आणि तो माणूस पाय भिजू नयेत म्हणून किंचित बाजूला होतो. काही मिनिटांत मरणारा माणूस डबकं चुकवतो! निबंध लिहिणाऱ्याला त्या क्षणी कळतं की एक धडधाकट, चालतं-बोलतं आयुष्य आपण मध्येच तोडतो आहोत. फाशीच्या विरोधात एकही युक्तिवाद न करता तो पुढे जातो. शेवटी सगळे अधिकारी, देशी आणि गोरे, सुटल्यासारखे हसतात आणि एकत्र दारू पितात. प्रेत शंभर यार्डांवर आहे.

दुसरा १९३६ सालचा, ‘शूटिंग ॲन एलिफंट’. मोलमीनमध्ये एक पाळीव हत्ती माजावर येऊन सुटतो आणि एका माणसाला मारतो. पोलीस अधिकारी बंदूक मागवतो. तो पोहोचेपर्यंत हत्ती शांत झालेला, शेतात गवत खातोय. त्याला मारायची काही गरज नाही. पण मागे दोन हजार माणसांची गर्दी जमली आहे. साहेबानं बंदूक आणली म्हणजे साहेब गोळी घालणार, अशी सगळ्यांची खात्री. इथे लिहिणाऱ्याच्या लक्षात येतं की हातात बंदूक असलेला गोरा माणूस खरं तर या गर्दीच्या हातातलं बाहुलं आहे. राज्य करायचं तर राज्यकर्त्यासारखं वागावं लागतं, आणि मग स्वतःचं मन उरत नाही. तो हत्तीला मारतो, केवळ आपलं हसं होऊ नये म्हणून. हत्ती लवकर मरतही नाही.

त्यानं खरोखर हत्ती मारला होता का, यावर चरित्रकारांत वाद आहे. तो वाद चालू राहू द्या. साम्राज्यवादानं गुलामांचं नुकसान होतं हे अनेकांनी लिहिलं होतं. मालकाचंही माणूसपण जातं, हे तिथे नोकरी केलेल्या माणसानं इतक्या थंडपणे कबूल केलं, यात त्याचं वेगळेपण आहे.

१९२७ साली रजेवर इंग्लंडला आला आणि राजीनामा दिला. ‘बर्मीज डेज’ ही त्या काळावरची कादंबरी १९३४ मध्ये आधी न्यूयॉर्कला छापली गेली, कारण ब्रह्मदेशातल्या ओळखीच्या गोऱ्यांनी बदनामीचा खटला भरला तर काय, ही लंडनच्या प्रकाशकाला धास्ती होती.

भांडी घासणारा ईटनवाला

पुढची काही वर्षं त्यानं एक प्रकारे प्रायश्चित्तच घेतलं. पॅरिसच्या हॉटेलात भांडी घासली, लंडनमध्ये भिकाऱ्यांसोबत सरकारी निवाऱ्यांत राहिला, हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुलं) तोडायच्या हंगामी मजुरीवर गेला. त्यातून १९३३ साली ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ हे पुस्तक झालं. घरच्यांना लाज वाटू नये म्हणून टोपणनाव हवं होतं. त्यानं प्रकाशकाला चार नावं सुचवली, त्यातलं ‘जॉर्ज ऑर्वेल’ ठरलं. ऑर्वेल ही सफकमधली नदी.

१९३६ च्या सुरुवातीला तो उत्तर इंग्लंडच्या कोळसापट्ट्यात, विगन आणि आसपासच्या गावांत, खाणकामगारांच्या घरांत राहून आला. सव्वासहा फुटांच्या आसपास उंचीचा माणूस, खाणीच्या बोगद्यात कमरेत वाकून मैलभर चालायचं म्हणजे त्याचे काय हाल झाले असतील ते त्यानं तपशिलानं लिहिलं आहे. ‘द रोड टू विगन पिअर’चा पहिला अर्धा भाग असा आहे. दुसऱ्या अर्ध्यात तो डाव्या मध्यमवर्गीय बुद्धिवंतांवर घसरतो: तुम्हाला गरिबांबद्दल प्रेम नाही, तुम्हाला फक्त श्रीमंतांचा राग आहे, असा सूर. प्रकाशक व्हिक्टर गोलांझनं पुस्तक छापलं खरं, पण सुरुवातीला स्वतःची प्रस्तावना जोडून या भागापासून हात झटकले. आपल्याच बाजूच्या लोकांना टोचून बोलायची ही खोड पुढे वाढतच गेली.

याच वर्षी जूनमध्ये त्यानं आयलीन ओशॉनेसीशी लग्न केलं. ती ऑक्सफर्डची पदवीधर, मानसशास्त्राचा अभ्यास करणारी. हर्टफर्डशायरमधल्या वॉलिंग्टन नावाच्या खेड्यात त्यांनी दुकान चालवलं, कोंबड्या आणि शेळ्या पाळल्या. एका शेळीचं नाव म्युरिएल होतं. ‘ॲनिमल फार्म’मधली शेळीही म्युरिएलच आहे. पुढे पाळलेल्या कुत्र्याचं नाव त्यांनी मार्क्स ठेवलं.

स्पेन: जिथे सगळं ठरलं

ऑर्वेलचं राजकारण समजायला एकच प्रकरण वाचायचं असेल तर ते स्पेनचं. थोडं गुंतागुंतीचं आहे, म्हणून सावकाश घेऊ.

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये जनरल फ्रँको आणि इतर सेनाधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं. हिटलर आणि मुसोलिनी फ्रँकोच्या मदतीला धावले. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहिले. सरकारला शस्त्रं देणारा मोठा देश एकच, स्टालिनचा रशिया. इथवर चित्र सरळ आहे.

गुंता होता सरकारच्या बाजूला. तिथे उदारमतवादी होते, समाजवादी होते, रशियाच्या सल्ल्यानं चालणारे कम्युनिस्ट होते, सरकारच नको म्हणणाऱ्या अराज्यवादी कामगार संघटना होत्या आणि ‘पूम’ नावाचा एक छोटा पक्ष होता. पूमवाले मार्क्सवादी, पण स्टालिनच्या विरोधातले. अराज्यवादी आणि पूम यांचं म्हणणं, क्रांती आणि युद्ध दोन्ही एकदम चालवू. कम्युनिस्टांचं म्हणणं, आधी युद्ध जिंकू, क्रांतीचं नंतर पाहू. गंमत बघा, क्रांती थोपवा असं सांगणारे इथे कम्युनिस्ट होते, कारण ब्रिटन-फ्रान्सला घाबरवणं तेव्हा स्टालिनला परवडणारं नव्हतं.

ऑर्वेल डिसेंबर १९३६ मध्ये बार्सिलोनाला पोहोचला. त्याच्याकडे एका छोट्या ब्रिटिश समाजवादी पक्षाची शिफारस होती आणि त्या पक्षाचे संबंध पूमशी होते, म्हणून तो पूमच्या सैन्यतुकडीत गेला. विचार करून निवडलेली बाजू नव्हती ती. शहर कामगारांच्या ताब्यात होतं. वेटर डोळ्याला डोळा भिडवून बोलत, बक्षिशी घेणं बंद झालेलं. त्याला हे सगळंच कळलं असं नाही, काही आवडलंही नाही, पण यासाठी लढावं असं वाटलं, असं तो लिहितो. आघाडीवर गेल्यावर त्याला पहिली बंदूक मिळाली ती १८९६ सालची जर्मन माउझर, गंजलेली. शत्रूपेक्षा थंडी, उवा आणि सरपणाची टंचाई यांच्याशीच जास्त झुंज चालायची.

मे १९३७ मध्ये तो सुट्टीवर बार्सिलोनाला आला आणि फ्रँकोविरुद्ध एकत्र लढणाऱ्यांतच गोळीबार सुरू झाला. सरकारी पोलिसांनी अराज्यवाद्यांच्या ताब्यातलं टेलिफोन केंद्र घ्यायचा प्रयत्न केला, हे निमित्त. ऑर्वेल तीन दिवस एका सिनेमागृहाच्या छतावर बंदूक घेऊन पहारा देत बसला होता, समोरच्या पूमच्या कचेरीच्या रक्षणासाठी. मग तो आघाडीवर परतला आणि २० मे रोजी पहाटे खंदकाबाहेर डोकं काढून बोलत असताना त्याच्या गळ्यात गोळी घुसली. मोठी रक्तवाहिनी थोडक्यात वाचली. आवाज मात्र कायमचा बसका झाला.

दवाखान्यातून बाहेर पडतो तोवर पूमवर बंदी आली होती. पक्षाचा नेता आंद्रेउ निन याला पकडून ठार मारण्यात आलं. ऑर्वेलचा वरिष्ठ जॉर्ज कोप तुरुंगात गेला. पूमवाले फ्रँकोचे हस्तक आहेत, फॅसिस्ट आहेत, असा आरोप कम्युनिस्ट वर्तमानपत्रांनी लावला होता. आयलीन तेव्हा बार्सिलोनात ब्रिटिश तुकडीच्या कचेरीत काम करत होती. पोलिसांनी तिच्या हॉटेलच्या खोलीवर छापा घातला, भिंती ठोकून पाहिल्या, कागदन्‌कागद नेला, पण ती झोपली होती तो पलंग तपासला नाही. बाईमाणसाला अंथरुणातून उठवणं त्यांच्या सभ्यतेत बसलं नसावं, अशी ऑर्वेलची अटकळ. ती हॉटेलच्या दिवाणखान्यात वाट पाहत होती, आणि तो येताच तिनं त्याच्या कानात सांगितलं, इथून निघ. काही रात्री त्यानं पडक्या जागांत काढल्या. २३ जूनला दोघं रेल्वेनं फ्रान्समध्ये पोहोचले.

या सगळ्यात त्याला सर्वात जास्त हादरवलं ते गोळीनं नाही, वर्तमानपत्रांनी. जिथे लढाईच झाली नाही तिथल्या घनघोर लढाईची वर्णनं छापून आली. जिथे शेकडो माणसं मेली तिथे एक ओळ नाही. शौर्यानं लढलेल्यांना देशद्रोही ठरवलेलं, आणि ज्यांनी एक गोळी झाडली नाही ते वीर. खोटं सगळेच बोलतात, युद्धात तर बोलतातच. पण इथे प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीशी काहीच नातं नसलेला इतिहास त्याच्या डोळ्यांदेखत लिहिला जात होता, आणि लंडनमधले भले, सुशिक्षित, पुरोगामी लोक तो खरा मानत होते. वस्तुनिष्ठ सत्य ही कल्पनाच जगातून चालली आहे की काय, ही भीती त्याला इथे लागली.

घरी आल्यावर त्यानं हे लिहायला घेतलं तर दारं बंद. ‘न्यू स्टेट्समन’ या डाव्या साप्ताहिकानं त्याचा लेख नाकारला. गोलांझनं पुस्तक लिहून व्हायच्या आधीच नकार कळवला. फॅसिझमविरोधी आघाडीला बाधा येईल, हे कारण. ‘होमेज टू कॅटलोनिया’ १९३८ मध्ये दुसऱ्या प्रकाशकानं काढलं. १,५०० प्रती छापल्या. तो मेला तेव्हाही त्या संपल्या नव्हत्या.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या वेणू चितळे

आता एक प्रकरण, जे मराठी वाचकांना सहसा कोणी सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ऑर्वेलला छातीच्या दुखण्यामुळे सैन्यात घेतलं नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये तो बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत लागला. काम असं: हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम करायचे, आणि युद्धाच्या बातम्यांचं साप्ताहिक विवेचन लिहायचं. ही बातमीपत्रं तो इंग्रजीत लिहायचा आणि त्यातली काही गुजराती, बंगाली, तमिळ आणि मराठीत भाषांतर होऊन प्रसारित व्हायची. म्हणजे १९४२-४३ साली आपल्याकडे कोणाच्या घरी लघुलहरींचा रेडिओ असेल आणि लंडन लागत असेल, तर ऑर्वेलचा मजकूर त्यानं मराठीत ऐकलेला असू शकतो. लेखकाचं नाव अर्थातच कळत नसे.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या या खात्यात त्याच्यासोबत वेणू चितळे काम करायच्या. कोल्हापूरकडच्या शिरोळच्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, १९३४ मध्ये इंग्लंडला गेलेल्या. कार्यक्रम वाचून दाखवणं, निर्मितीत मदत करणं, मराठीतून बोलणं हे सगळं त्यांच्याकडे असे. १९४२ सालचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ‘व्हॉइस’ नावाचं कवितांचं नियतकालिक ऑर्वेल रेडिओवर चालवायचा, त्याच्या ध्वनिमुद्रणाचं. टेबलाभोवती कवी टी. एस. इलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या उना मार्सन, श्रीलंकेचा तंबीमुत्तू, नारायण मेनन आणि वेणू चितळे बसले आहेत. मागे उंच, किडकिडीत ऑर्वेल उभा. पुढे १९५० साली वेणूताईंची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी मुंबईहून प्रसिद्ध झाली. पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या पिढ्यांची ती गोष्ट. इलियटच्या शेजारच्या माणसांची नावं सांगताना आपण त्यांना विसरतो, हे बरं नाही.

ऑर्वेलची मात्र या नोकरीत घुसमट होत होती. हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा हे त्याचं जुनं मत. आणि काम काय, तर हिंदी लोकांनी ब्रिटनच्या बाजूनं राहावं यासाठी प्रचार. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि गांधी-नेहरूंना अटक झाली, तेव्हा हा सरकारच्या बाजूचा माइक सांभाळत होता. तिकडे बर्लिनहून सुभाषबाबू बोलत होते. फॅसिझम हे मोठं संकट आहे हे त्याला मनापासून पटलेलं असल्यामुळे त्यानं नोकरी सोडली नाही. पण रोजनिशीत मात्र भडास काढली: बीबीसी म्हणजे मुलींची शाळा आणि वेड्यांचं इस्पितळ यांच्या मधलं काहीतरी. सेन्सॉर प्रत्येक संहितेवर शिक्का मारायचा. ऐकणारे किती थोडे आहेत हेही हळूहळू कळलं. १९४३ साली त्यानं राजीनामा दिला आणि ‘ट्रिब्यून’ या डाव्या साप्ताहिकात साहित्य संपादक झाला.

‘नाइन्टीन एटी-फोर’मधलं सत्य मंत्रालय, तिथलं कळकट उपाहारगृह, वरून येणारे बातमीचे आदेश, हे सगळं इथून आलेलं आहे. छळाची ‘खोली क्रमांक १०१’ हे नाव बीबीसीच्या एका बैठकीच्या खोलीचं होतं. ज्यानं अशा कंटाळवाण्या बैठका सोसल्या आहेत, त्याला हा विनोद पटकन कळेल.

डुकरं आणि दूध

‘ॲनिमल फार्म’ त्यानं १९४३-४४ च्या हिवाळ्यात तीन-चार महिन्यांत लिहिलं. जनावरं शेतमालकाला हाकलून स्वतःचं राज्य आणतात आणि हळूहळू डुकरं नवे मालक होतात, ही गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असते. कल्पना सुचली ती एका प्रसंगावरून: दहा वर्षांचा एक पोरगा प्रचंड गाडीघोड्याला अरुंद वाटेवरून चाबूक मारत नेत होता. या जनावरांना आपल्या ताकदीची जाणीव झाली तर?

अडचण वेळेची होती. रशिया तेव्हा मित्रराष्ट्र. गोलांझनं नाकारलं. प्रकाशक जोनाथन केपनं आधी होकार देऊन, माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याच्या सल्ल्यानंतर माघार घेतली. हा अधिकारी, पीटर स्मोलेट, स्वतःच सोव्हिएत हेर होता हे पुढे उघड झालं. फेबर प्रकाशनाच्या वतीनं इलियटनं नकार कळवला, आणि त्याचं कारण वाचण्यासारखं आहे. त्याचं म्हणणं, डुकरं सर्वात हुशार आहेत, तेव्हा शेत चालवायला तीच योग्य. हवीत ती फक्त अधिक लोकहितदक्ष डुकरं! शेवटी १७ ऑगस्ट १९४५ रोजी सेकर अँड वॉरबर्गनं पुस्तक काढलं, युद्ध संपता संपता.

क्रांती करू नका, शेवटी सगळं तेच होतं, असा याचा अर्थ काढला जातो. ऑर्वेलला तो मान्य नव्हता. त्याच्या मते गोष्टीतला कळीचा क्षण अगदी सुरुवातीला येतो, डुकरं दूध आणि सफरचंदं स्वतःसाठी ठेवून घेतात तेव्हा. इतर जनावरांनी तिथेच पाय रोवले असते तर पुढचं टळलं असतं. पुढाऱ्यांना डोक्यावर बसवून ठेवलंत तर क्रांती हातची जाते, असा त्याचा रोख होता.

यश आलं ते पाहायला आयलीन नव्हती. मार्च १९४५ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिली असताना ती गेली. आदल्याच वर्षी दोघांनी रिचर्ड नावाचं बाळ दत्तक घेतलं होतं. आयलीननं युद्धकाळात सेन्सॉर खात्यात नोकरी केली होती, आणि लग्नाआधी १९३४ मध्ये आपल्या शाळेसाठी एक कविता लिहिली होती, तिच्या शीर्षकात ‘१९८४’ आहे. ‘ॲनिमल फार्म’ लिहिताना रोजचा मजकूर रात्री दोघं मिळून वाचत. चरित्रकारांनी तिला दीर्घकाळ तळटीपेत ठेवलं. आता कुठे तिच्यावर स्वतंत्र लिखाण होऊ लागलं आहे.

कॅमेरा ही दुय्यम गोष्ट

शेवटची कादंबरी त्यानं स्कॉटलंडच्या जुरा बेटावर, बार्नहिल नावाच्या एकट्या घरात लिहिली. क्षय बळावलेला. १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध खास अमेरिकेतून मागवलं, पण त्याची भयंकर रिॲक्शन आली आणि थांबवावं लागलं. टंकलेखक तिकडे यायला तयार होईना, म्हणून तापात, पलंगावर बसून त्यानं सगळं हस्तलिखित स्वतः टाइप केलं. ८ जून १९४९ रोजी ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झालं.

हुकूमशहा बिग ब्रदर सगळीकडून बघतो आहे, एवढंच या पुस्तकातून लोकांच्या लक्षात राहिलं. त्या नावाचा टीव्ही खेळ १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये निघाला, आपल्याकडे ‘बिग बॉस’ झाला, २०१८ पासून मराठीतही आला. पाळत ही करमणूक झाली. पण कादंबरीचा गाभा पाळतीत नाही. नायक विन्स्टन स्मिथची नोकरी बघा: जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या आजच्या सरकारी धोरणाला जुळतील अशा बदलायच्या आणि मूळ कागद भट्टीत टाकायचे. स्पेनमध्ये जे पाहिलं, त्याला इथे सरकारी खात्याचं रूप दिलं आहे.

एक प्रसंग. चॉकलेटचं रेशन आठवड्याला ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येतं. दुसऱ्याच दिवशी बातमी येते की रेशन २० ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल लोकांनी बिग ब्रदरचे आभार मानणारे मोर्चे काढले. विन्स्टन आजूबाजूला बघतो. लोक हे खरंच गिळतात? चोवीस तासही झाले नाहीत! गिळतात. काही मूर्खपणानं, काही उत्साहानं आणि काही जास्त हुशारीनं. कपात झाली हे माहीत असायचं आणि वाढ झाली यावर मनापासून विश्वासही ठेवायचा, दोन्ही एकाच वेळी. यालाच तो ‘डबलथिंक’ म्हणतो. ‘न्यूस्पीक’ ही त्याची पुढची पायरी: भाषेतून शब्दच कमी करत न्यायचे, म्हणजे बंडाचा विचार करायला साधनच उरणार नाही.

अमेरिकेत काहींनी हे पुस्तक समाजवादावरचा हल्ला म्हणून नाचवलं, तेव्हा त्यानं खुलासा काढला: हा समाजवादावर किंवा मजूर पक्षावर हल्ला नाही, त्या पक्षाचा मी समर्थक आहे. फार कोणी ऐकलं नाही. २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो लंडनमध्ये गेला. सटन कोर्टनी गावातल्या थडग्यावर फक्त एरिक आर्थर ब्लेअर एवढंच नाव आहे.

डाग आणि वापर

त्याच्या भक्तांना न आवडणारी एक गोष्ट. मे १९४९ मध्ये, मरणपंथाला असताना, त्यानं ३८ जणांची यादी परराष्ट्र खात्याच्या एका गुप्त प्रचार विभागाकडे दिली. हे लोक कम्युनिस्ट-धार्जिणे आहेत, यांच्याकडून सरकारी लिखाण करून घेऊ नका, असा तिचा अर्थ. त्यात स्मोलेटचं नाव होतं, तो अंदाज बरोबर निघाला. यादी ज्या वहीतून काढली तीत मात्र कोण ज्यू, कोण समलिंगी असे शेरेही आहेत. कोणाला या यादीमुळे तुरुंगवास झाला नाही, खरं आहे. तरी विचारांवरच्या पाळतीविरुद्ध पुस्तक लिहिणाऱ्यानं सरकारला नावं पुरवावीत, हे मला पचत नाही. पोलिसाची जुनी सवय, असंही म्हणता येईल.

तो गेल्यावर सीआयएनं गुपचूप पैसा पुरवून ‘ॲनिमल फार्म’चा कार्टूनपट काढवला, १९५४ मध्ये. पुस्तकाच्या शेवटी जनावरं खिडकीतून डुक्कर आणि माणूस यांच्याकडे पाहतात आणि कोण कोणता ते ओळखू येत नाही. चित्रपटात माणसं वगळली आणि जनावरांनी डुकरांवर चाल केली. भांडवलदारांवरचा अर्धा टोमणा कापला गेला. प्रचारानं बदलून टाकलेल्या इतिहासावर लिहिणाऱ्याचं पुस्तकच प्रचारानं बदललं. २००९ मध्ये ॲमेझॉननं हक्कांच्या वादातून लोकांनी विकत घेतलेल्या ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या प्रती त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. लोक चिडले, कंपनीला माफी मागावी लागली.

गांधींवरचा त्याचा निबंध जानेवारी १९४९ चा. संतांना आधी आरोपी धरावं आणि निर्दोषपणा त्यांनी सिद्ध करावा, अशी त्याची सुरुवात आहे. गांधींचं ब्रह्मचर्य, विरक्ती त्याला अमानुष वाटते. मग तो एक प्रश्न टाकतो, जो अजून सुटलेला नाही: ज्या देशात विरोधक मध्यरात्री उचलले जातात आणि पुन्हा दिसत नाहीत, जिथे वर्तमानपत्रं आणि सभा मोकळ्या नाहीत, तिथे सत्याग्रह लोकांपर्यंत पोहोचणार कसा? एवढं करून शेवटी तो गांधींना त्या काळातल्या इतर पुढाऱ्यांपेक्षा स्वच्छ ठरवतो. न आवडणाऱ्या माणसालाही न्याय द्यायचा त्याचा हा प्रयत्न यादीच्या शेजारी ठेवून वाचावा.

वाचायला सुरुवात करायची तर कादंबरीपासून करू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे २०११ पासून त्यानं हयातीत छापलेलं सगळं आपल्याकडे मुक्त आहे. हत्तीचा निबंध चहा निवायच्या आत वाचून होतो. मग फाशीचा, मग गांधींवरचा, मग ‘होमेज टू कॅटलोनिया’. त्यातली पक्षांच्या भांडणाची प्रकरणं कंटाळवाणी आहेत हे ऑर्वेललाही माहीत होतं. नको असेल त्यानं ती सोडून द्यावीत, असं त्यानं पुस्तकातच सांगून ठेवलं आहे. मी म्हणेन, सोडू नका.